घरचं एक माणूस

आमच्या केंद्रात तीस माणसांची तुकडी मंजूर झाली, तेव्हा मी हजेरीपुस्तकात तीस नावं लिहिली. दुसऱ्या आठवड्यापर्यंत चार गळाली. एक बाई मुंबईला सुनेच्या बाळंतपणाला गेली ती गेलीच. एकाची समजूत होती की शिकता शिकताच पगार चालू होतो. उरलेली दोघं दप्तर मिळेपर्यंतच आली. निळं, दोन कप्प्यांचं, पट्टे मजबूत. दप्तर खरंच बरं होतं, मी त्यांना नावं ठेवत नाही.

चोवीसच्या खाली माणसं गेली की तुकडी बंद, असा नियम. म्हणून मी सकाळी साडेनऊला जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचो आणि वर येणारी डोकी मोजायचो. त्याआधी एसटीत तीस वर्षं हेच केलं होतं, ड्रायव्हर-कंडक्टरांची हजेरी. निवृत्तीनंतर घरी बसलो तर बायकोची हजेरी घ्यायला लागलो. तिनेच मला इथे धाडलं.

केंद्र महाडात, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर. शिक्षण रुग्णसेवेचं. दवाखान्यातल्या आजाऱ्याला उठवायचं-बसवायचं कसं, अंग पुसायचं, तो पलंगावर असतानाच चादर बदलायची, ताप आणि बीपी मोजून कागदावर लिहायचं. तीन महिने, फुकट, गरिबाघरच्या अठरा ते पंचेचाळीस वयाच्या माणसांसाठी. आठवी पास पाहिजे. शेवटी परीक्षा, प्रमाणपत्र, आणि शहरातल्या एका खासगी रुग्णालयाने पाच जणांना कामावर घेण्याचं कबूल केलं होतं. त्या पाचांवर सव्वीस जणांचा डोळा.

ह्या सव्वीस नावांत एकाच नावापुढे एकही खाडा नव्हता. सारिका सहदेव सकपाळ, मुक्काम कापडे, तालुका पोलादपूर. कापड्याहून पोलादपूर आणि पोलादपुराहून महाड, दोन गाड्या बदलून बाई साडेनऊच्या ठोक्याला हजर.

पूर्ण हजेरीवर माझा विश्वास नाही. एसटीत अशी दोनच माणसं पाहिली. एकाचं घरी पटत नव्हतं, आणि दुसऱ्याची हजेरी त्याचा मेहुणा लावायचा. म्हणून मी सारिकाबाईंच्या सह्या नीट पाहिल्या. एका दिवसाची सही सुटसुटीत, पेन न उचलता केलेली. दुसऱ्या दिवसाची अक्षरं एकेक करून चिखलात रोप खोचावं तशी खोचलेली, मागच्या पानावर उमटतील इतकी. मग मान वर करून चेहरे पाहिले. ते आधीच पाहायला हवे होते, पण मी डोकी मोजणारा माणूस, चेहऱ्यांपर्यंत पोचायला मला दहा दिवस लागले. एक सारिका तिशीची, शेलाटी, जिना चढली की भिंतीला हात लावणारी. दुसरी चाळिशी ओलांडलेली, रुंद हाडाची, कपाळाशी केस पिकलेले.

मोठीला मी जिन्यातच थांबवलं.

"बाई, नाव काय तुमचं?"

"सारिका."

"आणि काल आली होती ती?"

"ती बी सारिकाच." एवढं बोलून तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं असावं की हे गिऱ्हाईक सुटणारं नाही. दोन पायऱ्या खाली उतरून म्हणाली, "मी रंगू. तिची मोठी जाव. घरात सासू हाय, साळूबाई. सा वर्सं जाग्यावर हाय, वारं गेलंय अंगावरनं. दोघी घर सोडून कशा येनार? एक दिस ती, एक दिस मी."

"अहो, पण नाव तिचं आहे."

"नाव घराचं हाय. भाऊ, तुमच्यात सावड नसते काय?"

सावड मला माहीत नव्हती असं नाही. लावणीच्या दिवसांत ह्या घरातलं एक माणूस त्या घरच्या शेतावर जातं, मग त्या घरचं एक माणूस ह्यांच्याकडे येतं. मजुरी नाही, दिवसाला दिवस. सासू आली की सून, मुलगा की मुलगी, हे कोणी विचारत नाही. घरचं एक माणूस बांधावर उभं राहिलं की दिवस फिटला.

"इथे शेत नाही बाई, सरकार आहे."

"सरकारला बी मानूसच पायजे ना? मी काय बुजगावनं धाडलं?"

मी दाखल्याचं विचारलं. रंगूबाईंची शाळा पाचवीत सुटलेली, सारिकाची नववी झालेली. म्हणजे कागदावर एकीलाच दार उघडं होतं, आणि त्या दारातून दोघी आत शिरल्या होत्या, आळीपाळीने.

पुढे रोज थोडं थोडं कळत गेलं, जिन्यातच. रंगूबाईंचा नवरा मंगेश वारला त्याला चार वर्षं झाली, मूलबाळ नाही. धाकटा दीर सहदेव भिवंडीला एका गोदामात कामाला. सारिकाला सात वर्षांची मुलगी, तेजश्री. तिला जन्म सारिकाने दिला असेल, पण वेणी रंगूबाईच घालायच्या. सहदेवने दिवाळीला सांगून टाकलं होतं की आता दोन ठिकाणी घर चालवणं जमत नाही. मे महिन्यापर्यंत इथे काही मिळकत सुरू झाली तर ठीक, नाहीतर बायको-मुलीला भिवंडीला नेणार. नेलं की कापड्याच्या घरात राहणार दोघीच, एक जागेवरची म्हातारी आणि एक रंगूबाई.

"पाचांत नाव लागलं ना भाऊ, तर ती रव्हते. पोर बी रव्हते," रंगूबाई म्हणाल्या. एवढंच होतं. बाकी त्यांना प्रमाणपत्राचं, गणवेशाचं काही नव्हतं.

आता माझा हिशोब ऐका. सव्वीस नावं. मी हे वर कळवलं तर पंचवीस. पुढे एखादं सूनबाळंतपण निघालं की चोवीस, आणि मग रोज सकाळी माझा जीव टांगणीला. उलट कळवलं नाही, तर पुस्तकात एक नाव असं की साहेब लोकांनी बोट ठेवून बघावं. आंगठ्याचं यंत्र पहिल्याच आठवड्यात बिघडून पनवेलला दुरुस्तीला गेलेलं, ते काही परत आलं नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "सही जरा हलक्या हाताने करत जा."

शिकवायला राजनंदिनी मॅडम होत्या, महाडच्याच, नर्सिंग केलेल्या, वय सव्वीस. त्यांनाही पहिल्याच आठवड्यात कळलेलं. त्या वर्गात आल्या की विचारायच्या, "आजची सारिका कोण?" आणि जी असेल ती हात वर करायची, वर्ग हसायचा. पुढे आपोआप वाटणी झाली. वहीपेनाच्या दिवशी धाकटी यायची, हाताने करायच्या कामाला थोरली. धाकटीचं अक्षर सुंदर, पाठांतर पक्कं, पण वांतीचं नुसतं नाव काढलं तरी तोंडाला पदर. थोरलीला लिहायला सांगितलं तर घाम फुटायचा, पण हात चालवायला लागली की मॅडम स्वतः बाजूला उभ्या राहून बघायच्या.

सरावाला एक पुतळा होता, रबरी, उजवा हात निखळलेला. सगळे त्याला पोत्यासारखा उलटायचे. रंगूबाई आधी त्याच्या कानाशी वाकून सांगायच्या, "आजी, कुशीवर घेते हां, भिऊ नको." वर्ग खोखो हसला. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी फळ्यावर लिहिलं: आधी सांगायचं, मग हात लावायचा. सहा वर्षं अंथरुणावर असलेल्या साळूबाईंच्या पाठीला एकही जखम नाही हे ऐकून मॅडम मला म्हणाल्या होत्या, "भाऊ, मोठमोठ्या दवाखान्यांत हे जमत नाही."

संध्याकाळी घरी दुसरी शाळा भरायची. धाकटीने वाचलेलं थोरलीला सांगायचं, थोरलीने केलेलं धाकटीला दाखवायचं, आणि दोन्हींना अंग साळूबाईंचं. म्हातारीची जीभ मात्र शाबूत. तिने निरोप पाठवला होता, "तुमचा पुतळा येका हाताचा हाय म्हनं. मी मेले की मला न्या, मला दोन हायत."

फेब्रुवारीच्या शेवटी परीक्षा झाली. परीक्षक बाहेरून आलेला, आधार कार्डावरचा फोटो आणि समोरचा चेहरा ताडून बघणारा. धाकटीच बसली. आधीचे चार दिवस थोरलीने तिला म्हातारीवर इतकं घोटवलं होतं की बीपीची पट्टी ती डोळे मिटून बांधायची. लेखी चांगली गेली. प्रात्यक्षिकात एकदा अडखळली, पण समोर पुतळा होता, पुतळा वांती करत नाही. पास झाली. पाचांत नाव लागलं, पाचवं.

दुसऱ्या दिवशी रंगूबाई पेढे घेऊन आल्या. "भाऊ, आम्ही पास झालो," म्हणाल्या. मी दोन पेढे खाल्ले.

मार्चमध्ये सारिका कामावर रुजू झाली. पुढचं मला उशिरा कळलं. पुरुषांचा वॉर्ड मिळाला. तिसऱ्या दिवशी एका दारुड्याने अंगावर ओकारी केली आणि ती मोरीत जाऊन बसली ती तासभर बाहेर येईना. घरी जाऊन म्हणाली, "अक्का, मला नाय जमायचं." आणि अक्काला तोडगा शोधायला लांब जावं लागलं नाही. तीन महिने एका नावावर दोघी शिकल्या, कोणी बोट दाखवलं नाही. उलट मॅडमनी शाबासकी दिली, हजेरीवाल्या भाऊंनी सही हलक्या हाताने करायला सांगितली. मग कामाला काय हरकत?

गणवेश एकच. रंगूबाईंनी बाजूच्या शिवणी उसवून तो सैल केला, सारिकाच्या दिवशी आतून पिना लावायच्या. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. वॉर्डातल्या सिस्टरला कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण काम चोख होत होतं. तिनेही माझ्यासारखंच पुस्तक मिटलं असणार.

रंगूबाई मला एकदा महाडच्या स्टँडवर भेटल्या, तोच आकाशी गणवेश घालून. मला बघून थांबल्या, मास्क खाली ओढला, एखाद्या पोरीने नवा झगा दाखवावा तशा दोन्ही हात बाजूला करून उभ्या राहिल्या.

"कसा हाय?"

तेव्हा बोलायला हवं होतं. हे केंद्र नव्हे, इथे पुतळा नाही, हे पकडलं जाईल, हे सगळं मला त्या क्षणी एका ओळीत दिसलं. पण बाई इतक्या खुशीत होत्या. आणि बोललो असतो तर पहिला प्रश्न आला असता, मग तेव्हा का नाही बोललात?

मी म्हटलं, "शोभतो की."

पकडलं कोणी, तर नाते गावच्या भागोजींनी. सत्तरीचा म्हातारा, गोठ्यात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेलं. वॉर्डात त्याच्या शिव्या खालच्या मजल्यावर ऐकू यायच्या. डॉक्टरला शिव्या, सिस्टरला शिव्या, जेवणाच्या डब्याला शिव्या. फक्त एका बाईने हात लावला की गप्प. रुग्णालयाचे व्यवस्थापक एक दिवस फेरीवर आले, तेव्हा सारिका त्याला उठवायला गेलेली.

"ए, ही सारिका नको," भागोजी ओरडला. "ती मोठी सारिका धाडा. तिचा हात लागला की दुखत नाय."

व्यवस्थापक आधी हसले. "मोठी सारिका कोण, आजोबा?"

"कालची रे! जाडी, केस पिकलेली. अशी बाई दवाखान्यात दुसरी नाय तुमच्या. तिचा पगार वाढवा, मी सांगतो."

जन्मात पहिल्यांदाच त्या म्हाताऱ्याने कोणाची तारीफ केली असेल.

दुसऱ्या दिवशी मला हजेरीपुस्तक घेऊन बोलावलं. राजनंदिनी मॅडमचं लग्न ठरलेलं, त्या रजेवर. व्यवस्थापकांच्या खोलीत दोघी जावा भिंतीशी उभ्या होत्या. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसा म्हणायचं कोणाला सुचलं नव्हतं. पहिल्यांदाच मी दोघींना एकत्र बघत होतो, तीन महिन्यांत कधी एका दिवशी दोघी आल्या नव्हत्या.

व्यवस्थापक वाईट माणूस नव्हता. आवाजही चढवला नाही. "बाई, तुमचं काम चांगलं होतं, सगळे सांगतात. पण ज्या बाईचं नाव कागदावर, तीच बाई मला रुग्णाजवळ पाहिजे. उद्या कोणाला काही झालं तर मी कोणाला विचारू? कागदावरची म्हणणार मी नव्हतेच, आणि जी होती तिचा कागदच नाही."

"काय झालं का पन कोनाला?" रंगूबाईंनी विचारलं.

"नाही झालं. झालं असतं तर?"

रंगूबाई विचारात पडल्या. खरोखरच पडल्या, उत्तर शोधण्यासाठी नव्हे. मग म्हणाल्या, "आमच्यात असं नाय इचारत, साहेब. घरचं मानूस धाडलं तर ते घराच्या नावाला जपून काम करतं."

व्यवस्थापकांनी माझ्याकडून पुस्तक घेतलं, पानं उलटली. सह्यांवर बोट फिरवलं. सुटसुटीत, खोचलेली, सुटसुटीत, खोचलेली. त्यांना ते दिसायला दहा दिवस लागले नाहीत.

"हे केंद्रातही असंच चालू होतं? तुम्हाला माहीत होतं?"

दुसरी तुकडी मंजुरीच्या टेबलावर होती. मी मान हलवून म्हटलं, "मी सह्या घेतो, साहेब. चेहरे मॅडम बघतात." नाही असं म्हटलं नाही. नीट बघितलं तर खोटंही नव्हतं. असं बोलणं मला एसटीने शिकवलं.

सारिकाने एकदम वर पाहिलं, तोंड उघडलं. रंगूबाईंनी तिचा दंड धरला.

"भाऊंना काय ठाव नाय," त्या म्हणाल्या. "आम्हीच फसवलं त्यांना. दोघी येकदम कधी आलो नाय, तर त्यांना कसं कळनार?"

मी माझ्या चपलांकडे बघत उभा होतो.

त्याच दिवशी सारिकाचं काम गेलं. प्रमाणपत्र रद्द करण्यासाठी वर पत्र गेलं. गणवेश जमा करायला सांगितला, तेव्हा शिवणी उसवलेल्या म्हणून कारकुनाने तो घ्यायला खळखळ केली. रुग्णालयाच्या पायऱ्या उतरताना मी चार पावलं मागे होतो. सारिका रडत म्हणत होती, "तू म्हनालीस म्हनून, अक्का. मी राजीनामा तरी दिला असता. आता चोर ठरले. माजं नाव गेलं."

"व्हय गो," रंगूबाई म्हणाल्या. "नाव तुजं गेलं."

दुसरी तुकडी एप्रिलअखेर मंजूर झाली. नियम कडक केले. आता दहावी पास पाहिजे, आणि आंगठ्याचं यंत्र नवं. माझ्या पुस्तकातल्या सह्यांमुळे प्रकार सिद्ध झाला म्हणून त्याचं वरच्या कचेरीत कौतुक झाल्याचं कळलं.

मे महिन्यात मी पोलादपूरला गेलो. बायकोला सांगितलं की चुलतभावाकडे जातो. चुलतभाऊ आहे तिथे, पण मी कापड्याच्या गाडीची वेळ विचारत स्टँडवर उभा होतो. काय बोलायचं ते ठरवून आलो होतो, चारच वाक्यं, आणि ती कापड्याच्या ओट्यावर बसूनच बोलायची होती.

ओट्यापर्यंत जावंच लागलं नाही. मुंबईकडच्या गाडीच्या फलाटावर सहदेव दोन पोती आणि एक पत्र्याची ट्रंक मांडून उभा होता. सारिका तेजश्रीला घेऊन बाकावर बसलेली. रंगूबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला. मधे तिघं बसतील एवढी जागा. म्हातारीजवळ शेजारच्या राहीबाईला बसवून त्या आल्या होत्या.

गाडी लागली. सहदेवने पोती चढवली. सारिका वाकून रंगूबाईंच्या पाया पडली, रीतीप्रमाणे. रंगूबाईंनी डोक्यावर हात ठेवला, रीतीप्रमाणे. तेजश्री मात्र पायरीवर अडली.

"मोठी आय, तू कधी येनार?"

"आजीला पायावर उभी करते नि येते," रंगूबाई म्हणाल्या.

पोरीला सात वर्षांची अक्कल. ती चढली. खिडकीतून हात बाहेर काढून बसली, तो सारिकाने आत ओढून घेतला. गाडी वळून महामार्गाला लागेपर्यंत रंगूबाई उभ्या होत्या. मग वळल्या, आणि समोर मी.

"भाऊ! इकडं कुटं?"

"चुलतभावाकडे आलो होतो," मी म्हटलं. चारांतलं एकही वाक्य नव्हतं हे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चेहरे वाचत नाही, पण हा वाचला असता तर मला सोसलं नसतं. पदराने मान पुसून त्या म्हणाल्या, "बरं झालं भेटलात. सासू आता जास्त दिस काढायची नाय, वैद्य बोलला. मागं मी येकटी. तुमच्याकडं पाचवीवाल्यांसाठी काय निघालं, तर निरोप धाडाल? कसलं बी शिकीन मी. ह्या टायमाला माज्याच नावावर."

दहावीचं मला माहीत होतं. वयाचंही. पंचेचाळीस पूर्ण व्हायला त्यांना तीन महिने उरले होते, जिन्यात मीच मागे कधीतरी जन्मतारीख विचारून घेतली होती. हे सगळं सांगायला एक मिनिट लागलं असतं.

"बघतो," मी म्हटलं.

कापड्याची गाडी लागली होती. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या, आणि गाडी हलता हलता वाकून मला म्हणाल्या,

"सावकाश बघा, भाऊ. मी आता कुटं जानार हाय."